मताचा हक्क आणि पायाखालची जमीन

निवडणूक जवळ आली की आपल्या बैठकीत दोन प्रकारचं बोलणं ऐकायला मिळतं. काही जण म्हणतात, आधी आपली माणसं निवडून आणा, सत्ता हातात आली की जमिनीचा प्रश्न आपोआप सुटेल. दुसरे म्हणतात, मत देऊन आजवर कोणाचं भलं झालं? निवडून जातो तो तालुक्याला बंगला बांधतो. आपण आपल्या प्लॉटचं बघावं, मतपेटीच्या नादी लागू नये. मागच्या शिबिरात ह्याच वादात अमेरिकेचा विषय निघाला. एक जण म्हणाला, अमेरिकेत गुलामांना सुद्धा मताचा हक्क मिळाला. दुसरा म्हणाला, अमेरिका भांडवलदारांचा देश, त्याचं आपल्याला काय?

तेव्हापासून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याबद्दल जे मिळालं ते मी वाचत गेलो. माझं मत असं झालं आहे की दोन्ही बाजूंचं बोलणं अर्धं आहे. मत आणि जमीन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही त्याचं मत कोणीही हिसकावून घेतो. आणि ज्याच्या हातात मत नाही त्याची जमीन टिकत नाही. हे मी कुठल्या तत्त्वावरून सांगत नाही, तिथे जे घडलं त्यावरून सांगतो.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपलीच माणसं विचारतील की ती जमीन मुळात कोणाची. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे, नदीच्या गाळाची काळी सुपीक जमीन. ती तिथल्या आदिवासींची होती, त्यांच्यातली मोठी जमात चोक्टॉ. 1830 साली अमेरिकेच्या सरकारने आदिवासींना नदीच्या पश्चिमेला हलवायचा कायदा केला आणि त्याच वर्षी चोक्टॉंशी करार करून त्यांची जमीन घेतली. हजारो माणसं पायी निघाली, थंडीने आणि रोगाने वाटेत कितीतरी मेली. ज्या देशाची ही मूळ माणसं, त्या देशाने त्यांना सगळ्यांना नागरिक मानणारा कायदा 1924 साली केला. त्यांच्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर गोऱ्या जमीनदारांनी कापूस लावला आणि तो पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना, त्यांच्या पोराबाळांना गुलाम म्हणून राबवलं. म्हणजे एका समाजाची जमीन लुटली आणि दुसऱ्या समाजाचे हात लुटले, तेव्हा तो कापूस उभा राहिला.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि गुलामगिरी मोडली. युद्ध संपत आलं तेव्हा, 1865 च्या जानेवारीत, सरकारी फौजेचा सेनापती शर्मन ह्याने काळ्या समाजाच्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी सांगितलं, जमीन पाहिजे, ती आम्ही स्वतः कसू आणि स्वतःचं पोट भरू. चार दिवसांनी हुकूम निघाला. दक्षिणेच्या समुद्रकाठची जमीन एकेका कुटुंबाला चाळीस एकरापर्यंत द्यायची. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर जाऊन बसली, पेरणी पण केली. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. नवे राष्ट्राध्यक्ष आले जॉन्सन, त्यांनी वर्षाच्या आतच जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. कसणाऱ्यांना सांगितलं, मालकाशी मजुरीचा करार करा नाहीतर उठा.

जमीन परत घेतली, पण पाच वर्षांनी मत दिलं. 1870 साली घटनेत दुरुस्ती झाली की वंशावरून किंवा पूर्वी गुलाम होता म्हणून कोणाचं मत नाकारता येणार नाही. काही वर्षं काळ्या लोकांनी मतं दिली, आपली माणसं निवडून पाठवली. त्याच 1870 साली मिसिसिपीतून एक काळा माणूस दिल्लीच्या राज्यसभेसारख्या तिथल्या वरच्या सभागृहात जाऊन बसला. पण गावात गेलं तर काय होतं? जमीन मालकाची, घर मालकाचं, बियाणं मालकाचं, मीठमिरची आणायचं दुकान पण मालकाचं. पीक अर्धेलीने. वर्षाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत, आणि त्यात कसणारा नेहमीच देणं लागतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांना खावटीचा हिशेब आठवत असेल तर हे जास्त समजावून सांगायला नको.

असा माणूस मत किती दिवस टिकवणार? मारहाण झाली, खून झाले, आणि 1890 साली मिसिसिपीने आपल्या राज्याची नवी घटना लिहून काम पक्कं केलं. त्यात काळ्यांना मत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर देशाच्या घटनेच्या विरुद्ध गेलं असतं. त्यांनी एवढंच लिहिलं की मतदाराने वर्षाला दोन डॉलर पट्टी भरावी, आणि राज्यघटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा योग्य अर्थ सांगावा. अर्थ योग्य की अयोग्य हे कोण ठरवणार? नोंदणी करणारा कोर्टातला कारकून. घटनेत 285 कलमं. गोरा आला तर सोपं कलम, काळा आला तर असं कलम की वकिलाला घाम फुटावा. 1964 सालापर्यंत मिसिसिपीत मतदार होण्याच्या वयाच्या शंभर काळ्या माणसांत सात जणांचं सुद्धा नाव यादीत नव्हतं. देशाच्या घटनेत हक्क लिहून तेव्हा चौऱ्याण्णव वर्षं झाली होती. एवढा मोठा कायदा एका कारकुनाच्या टेबलावर अडकून पडला होता.

आता फॅनी लू हॅमर या बाईची हकीगत ऐका. वीस भावंडांत ही सगळ्यात धाकटी. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला लागली. नवरा-बायको एका जमीनदाराकडे अर्धेलीने राबायची. तिथे तिची अठरा वर्षं गेली. 1962 च्या ऑगस्टमध्ये तिच्या गावात चर्चमध्ये सभा झाली आणि काळ्या माणसाला मताचा हक्क आहे हे तिने तिथे पहिल्यांदा ऐकलं. वय चव्वेचाळीस.

ह्या सभेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. तिथे बोलणाऱ्यांत जेम्स बेव्हल नावाचा तरुण होता. त्याला अहिंसक लढ्याचं शिक्षण जेम्स लॉसन यांच्याकडे मिळालं. आणि हे लॉसन, सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंग भोगलेले, 1953 ते 1956 नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. इथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेत काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला ही बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली, मग परत जाऊन त्यांनी तिथल्या पोरांची शिबिरं घेतली. म्हणून अमेरिकेचं आपल्याला काय, असं म्हणणाऱ्याला मी सांगेन की लढ्याच्या गोष्टी समुद्र ओलांडून दोन्हीकडे जातात.

तर 31 ऑगस्ट 1962 ला हॅमरबाई आणि सतरा जण एका जुन्या बसने तालुक्याच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले. बाईला जे कलम आलं त्यातला कायद्याचा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवून दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे! त्याच रात्री जमीनदार दारात आला. नोंदणीचा अर्ज मागे घे नाहीतर घर सोड. बाईने घर सोडलं. अठरा वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली, कारण पायाखालची माती तिची नव्हती. पुढे परत परीक्षा दिली आणि पास झाली, तर म्हणाले पट्टी भरल्याच्या पावत्या दाखव. 1963 च्या जूनमध्ये पोलीस कोठडीत तिला इतकं मारलं की शरीर कायमचं अधू झालं.

ह्याच राज्यात होम्स नावाचा तालुका आहे, तिकडे तालुक्याला काउंटी म्हणतात. तिथे माइल्स्टन नावाचं गाव. 1930 नंतरच्या मंदीत कापसाचे मोठे जमीनदार बुडाले. तेव्हाच्या केंद्र सरकारने काही मळे विकत घेतले आणि 1940 च्या सुमाराला शंभराच्या आसपास काळ्या कुटुंबांना लांब मुदतीच्या कर्जाने विकले. कालचे अर्धेलीवाले मालक झाले. त्यांनी सहकारी दुकान काढलं, कापसाची सहकारी जिनिंग काढली, शाळा उभी केली. तेवीस वर्षांनी, 9 एप्रिल 1963 ला, होम्स तालुक्यात मतदार नोंदणीसाठी पहिले चौदा जण कोर्टात गेले, त्यात माइल्स्टनचे जमीनवाले शेतकरी पुढे होते. पोलीस अधिकारी बंदुकीला हात लावून समोर उभा. त्याने विचारलं, पहिला कोण येणार? हार्टमन टर्नबो नावाचा शेतकरी पुढे झाला. महिन्याभरात त्याच्या घरावर रात्री आगीच्या बाटल्या फेकल्या, गोळ्या झाडल्या. त्याने पण बंदूक काढून उत्तर दिलं. सकाळी पोलिसांनी कोणाला धरलं? टर्नबोलाच. स्वतःचं घर स्वतः जाळलं म्हणून!

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. छळ दोघांचाही झाला. बाईची हिंमत टर्नबोपेक्षा तसूभर कमी नव्हती, उलट जास्तच म्हणावी लागेल, कारण तिच्या मागे काहीच नव्हतं. पण हॅमरबाईला एका रात्रीत गावाबाहेर काढता आलं आणि टर्नबोला काढता आलं नाही. तो जळलेल्या घरात परत राहिला, त्याच शेतात परत पेरलं. जमीनवाल्या शेतकऱ्यांच्या घरात बाहेरून आलेले कार्यकर्ते उतरायचे, त्यांच्या वस्तीत सभा व्हायच्या. कोणाला अटक झाली तर काळे शेतकरी आपली जमीन तारण ठेवून सोडवून आणायचे. जमीन होती म्हणून जामीन मिळाला.

टेनेसी राज्यातल्या फेएट तालुक्यात 1960 साली मतदार यादीत नाव घातलं म्हणून अर्धेलीवाल्यांना जमीनदारांनी ऐन हिवाळ्यात घराबाहेर काढलं. दुकानदार त्यांना पीठ-तेल देईनात. ती माणसं गेली कुठे? एका काळ्या शेतकऱ्याने आपल्या शेतात तंबू ठोकायला जागा दिली. एका माणसाकडे स्वतःचं शेत होतं म्हणून इतर कुटुंबांचं मत वाचलं. एका पाड्यात चार घरांची जमीन पक्की असली तर बाकीच्यांना पाठ टेकायला भिंत असते, ती अशी.

आता सरकारचं बघू. आपण सरकार म्हणतो ते एक माणूस असल्यासारखं. अमेरिकेत पण ते एक नव्हतं. जमीन देऊन परत घेणारं सरकार तेच, माइल्स्टनला जमीन विकणारं तेच, कारकून बसवणारं राज्य सरकार वेगळं आणि बघत बसणारं केंद्र सरकार वेगळं. 1964 च्या जूनमध्ये मिसिसिपीत तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला, त्यात तिथला पोलीस अधिकारी सामील होता. राज्याने तेव्हा खुनाचा खटलाच भरला नाही. केंद्र सरकारने हक्क हिरावल्याचा खटला भरला आणि 1967 साली सात जण दोषी ठरले. पण त्याच केंद्र सरकारचं गुप्त पोलीस खातं मार्टिन ल्यूथर किंग यांचा टेलिफोन चोरून ऐकत होतं, मंत्र्याच्या परवानगीने. त्यांना बदनामीची निनावी पत्रं पाठवत होतं. ते सगळं 1975 साली चौकशी समितीपुढे उघड झालं. एका हाताने आसरा, दुसऱ्या हाताने पाळत.

पक्षांचं पण तेच. 1964 च्या ऑगस्टमध्ये सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. मिसिसिपीतून सगळे गोरे प्रतिनिधी आले. काळ्या लोकांनी आपला वेगळा पक्ष काढून आपले प्रतिनिधी नेले, त्यात हॅमरबाई होत्या, टर्नबो होते. बाई समितीपुढे बोलायला लागल्या तसं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार बोलावले, म्हणजे टीव्ही त्यांच्याकडे वळेल. हे जॉन्सन वेगळे, शंभर वर्षांनंतरचे, पण नाव तेच. रात्री टीव्हीने बाईंचं बोलणं देशभर दाखवलंच. मग पक्षाने तडजोड पुढे केली, दोन जागा घ्या आणि गप्प बसा. ह्या लोकांनी दोन जागा नाकारल्या. मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांनी समजावलं, घ्या म्हणून. तरी नाकारल्या.

मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आपल्याकडे पण निवडणुकीच्या आधी कोणीतरी येतं, एक तिकीट तुमच्या माणसाला देतो म्हणतं. तिकीट घ्यायचं की नाही ते बैठक ठरवेल. पण त्याच्या बदल्यात गप्प बसायचं असेल तर ते तिकीट महाग पडतं.

पुढच्याच वर्षी, 6 ऑगस्ट 1965 ला, अलाबामातल्या सेल्मा गावच्या मोर्च्यांवर झालेला लाठीमार देशाने बघितल्यावर, मताच्या हक्काचा कायदा झाला. त्यावर सही ह्याच जॉन्सन यांनी केली. ह्या कायद्याची खुबी काय? नुसता हक्क त्यात परत लिहिला नाही, हक्क तर 1870 पासून लिहिलेलाच होता. ह्या वेळी कारकुनाच्या हातातली परीक्षा काढून घेतली आणि गरज पडेल तिथे केंद्राचा माणूस टेबलावर बसवला. दोन वर्षांत मिसिसिपीतल्या काळ्या मतदारांची नोंद शंभरात साठच्या आसपास गेली. आणि 1967 साली, जुन्या काळानंतर पहिल्यांदा, मिसिसिपीच्या विधानसभेत काळा माणूस निवडून आला, रॉबर्ट क्लार्क नावाचा शिक्षक. कुठून आला? होम्स तालुक्यातून, जिथे माइल्स्टन आहे.

पण इथे थांबलो तर गोष्ट खोटी होईल. मत मिळालं, तोवर जमीन निसटत होती. 1920 साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या वर काळे शेतकरी होते. 1982 साली राहिले तेहतीस हजार. कापूस वेचायला यंत्रं आली, माणसं शहरात गेली, हे एक कारण. पण सरकारी शेतीकर्ज कोणाला द्यायचं हे तालुक्याच्या कमिट्या ठरवायच्या आणि त्यांत गोरे शेतकरी बसायचे, काळ्याला कर्ज उशिरा, कमी किंवा नाहीच. बाप मेल्यावर वारसांची नावं लागलेली नसायची, मग एका वारसाचा हिस्सा कोणी शहरी माणूस विकत घ्यायचा आणि कोर्टातून सगळ्या जमिनीचा लिलाव काढायचा. म्हणजे परत टेबल आणि परत कागद. हॅमरबाईंनी हे ओळखलं होतं. 1969 साली त्यांनी चाळीस एकर घेऊन सहकारी शेती सुरू केली, घराघरांत डुकरीण देऊन पिल्लं पुढच्या घरी द्यायची पद्धत लावली. मालकाने काढलं तरी पोट भरलं पाहिजे, तरच मत स्वतःचं राहील, हा त्यामागचा विचार. पैशाअभावी ती शेती फार वर्षं चालली नाही आणि 1977 साली बाई वारल्या. पण विचार खरा होता.

साथींनो, आपला देश वेगळा. आपल्याला मत 1950 च्या घटनेनेच मिळालं, त्यासाठी कोणी परीक्षा घेतली नाही. पण आपल्या प्लॉटचं टेबल अजून तलाठ्याकडे आणि फॉरेस्टवाल्यांकडे आहे. गार्ड पंचनाम्यात काय लिहितो, पीकपाहणीत कोणाचं नाव लागतं, यावर आपला हक्क अडकला आहे. म्हणून मला पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडायच्या आहेत.

एक, मतावर बहिष्कार टाकू नये. लोकांनी जीव देऊन मिळवलेली वस्तू आपण फुकट मिळाली म्हणून टाकू नये. दोन, जो मत मागायला येईल त्याला गरिबी हटवण्याचं विचारू नका, आपल्या पाड्याच्या प्लॉटची मोजणी कोणत्या महिन्यात आणि सातबारा कोणाच्या नावाने, एवढंच विचारा, आणि तो काय बोलला ते लिहून घ्या. तीन, दंडाच्या जुन्या पावत्या, एकसालीचे कागद, जे असेल ते डब्यात ठेवा, उंदराला आणि पावसाला देऊ नका. म्हातारा वारला तर वारसांची नावं लावायला त्याच वर्षी जा, बायकोचं आणि पोरींचं नाव पण. चार, कचेरीत एकटं जाऊ नका. होम्स तालुक्यात चौदा जण गेले होते.

ज्यांना हे पटत नाही, आधी सत्ता की आधी जमीन हा वाद अजून बाकी आहे असं वाटतं, त्यांनी बैठकीत उभं राहून बोलावं. ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.

जिंदाबाद!